२४० युनिट, पण कधीचे? घरगुती वीजग्राहकांचे गट पाडताना

एका घराचं महिन्याचं बिल २४० युनिटचं, समोरच्या घराचंही २४० युनिटचं. महावितरणच्या स्लॅबमध्ये दोघंही १०१ ते ३०० मध्ये बसतात, म्हणजे बिलापुरती ही दोन घरं एकसारखीच. पण पहिल्या घराचे निम्मे युनिट रात्री १० ते पहाटे ५ या वेळात एसीवर जातात आणि दुसऱ्या घरात वापर दिवसभर सारखा पसरलेला असतो. महिन्यातून एकदा रीडिंग घेणाऱ्या मीटरला हा फरक दिसत नव्हता. दर १५ किंवा ३० मिनिटांनी नोंद ठेवणाऱ्या स्मार्ट मीटरला तो दिसतो. शिवाय जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या महावितरणच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या युनिटवर सवलत मिळू लागल्यामुळे या फरकाला पैशांत किंमतही आली आहे. त्यामागचा केंद्राचा नियम जून २०२३ चा आहे: सौरतासांतला (दिवसा ऊन असतानाच्या तासांतला) दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी हवा, आणि शेती सोडून बाकी ग्राहकांना तो १ एप्रिल २०२५ पासून लागू करायचा.

अशा सवयींवरून घरांचे गट पाडायला बसण्याआधी, या गटांवरून निर्णय कोणता घ्यायचा आहे हे कागदावर लिहून ठेवावं. वेळेनुसार दर ठरवायचे असतील तर कोणत्या तासांत किती टक्के वापर आहे ते महत्त्वाचं. रोहित्राची क्षमता ठरवायची असेल तर एकाच वेळी किती किलोवॅट चढतात ते बघावं लागतं, टक्केवारीचा तिथे काही उपयोग नाही. वीजबचतीचा सल्ला द्यायचा असेल तर मध्यरात्रीचा किमान वापर आणि उन्हाळ्यातली वाढ हवी. चोरी किंवा मीटरमधला बिघाड शोधायचा असेल तर घर स्वतःच्याच जुन्या सवयीपासून कधी सुटलं ते पाहायचं. डेटा एकच असला तरी या चार कामांसाठी गट चार निराळे पडतात. 'ग्राहकांचं सर्वसाधारण वर्गीकरण' नावाचा अहवाल बहुतेक वेळा कपाटात जातो, त्याचं कारण हेच. पुढचं सगळं वेळेनुसार दराच्या प्रश्नाभोवती आहे.

सरावाला डेटा

आपल्याकडचा हजारो घरांचा खुला डेटा सहज हाती लागत नाही, म्हणून सरावाला लंडनचा घ्यावा. 'लो कार्बन लंडन' प्रकल्पात ५,५६७ घरांची अर्ध्या तासाची नोंद आहे, नोव्हेंबर २०११ ते फेब्रुवारी २०१४ या काळातली. एकूण ओळी सुमारे १६ कोटी ७० लाख. सगळी फाइल एका दमात मेमरीत घ्यायला जाऊ नका. आधी पार्केसारख्या (रकान्यांप्रमाणे दाबून साठवणाऱ्या) स्वरूपात बदलून घरागणिक तुकडे करा.

या डेटात दोन सापळे आहेत. पहिला वेळेचा: घड्याळ ग्रीनिच वेळेवर आहे, माणसं मात्र उन्हाळ्यात तासभर पुढच्या घड्याळावर जगतात. स्थानिक वेळ केली नाही तर प्रत्येक घराचं संध्याकाळचं शिखर मार्चअखेरीस एक तास अलीकडे सरकतं, आणि अल्गोरिदम 'सवय बदलली' असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. दुसरा सापळा दराचा. २०१३ या वर्षात सुमारे १,१०० घरांना बदलता दर लावला होता: महाग तासांत युनिटला ६७.२० पेन्स, स्वस्त तासांत ३.९९ पेन्स, एरवी ११.७६. बाकीच्यांना सरसकट १४.२२८ पेन्स. महाग आणि स्वस्त यांत जवळपास १७ पट अंतर असल्यावर लोक धुलाईयंत्र लावायची वेळ बदलणारच. नैसर्गिक सवयींचे गट हवे असतील तर ही घरं आधी बाजूला काढा. दराचा परिणाम मोजायचा असेल तेव्हा मात्र तीच सगळ्यात मोलाची.

शून्याचे चार अर्थ

आपल्याकडच्या मीटरच्या डेटात सगळ्यात जास्त वेळ शून्यांवर जातो, आणि तो तिथेच जायला हवा. एखाद्या ब्लॉकमध्ये (म्हणजे १५ मिनिटांच्या एका नोंदीत) ०.००० युनिट दिसले तर शक्यता चार असतात. वीज गेली होती. वीज होती, पण घराला कुलूप आणि मेन स्विच बंद. छतावर सौर पॅनेल आहेत आणि दुपारी आयात (बाहेरून घेतलेली वीज) शून्यावर आली. किंवा नोंद आलीच नव्हती आणि सॉफ्टवेअरने रिकाम्या जागी शून्य भरलं.

पहिल्या दोन शक्यता वेगळ्या करायचा सोपा मार्ग म्हणजे त्याच ब्लॉकचं सरासरी व्होल्टेज. आपल्या स्मार्ट मीटरच्या लोड प्रोफाइलमध्ये युनिटबरोबर व्होल्टेजही नोंदलं जातं, पण डेटा मागताना लोक नुसता युनिटचा रकाना मागतात आणि नंतर अडकतात. व्होल्टेज शून्य असेल तर पुरवठा खंडित. व्होल्टेज २३० च्या आसपास आणि युनिट शून्य असतील तर मेन स्विच बंद. नुसतं कुलूप लावून गावाला गेलेल्या घरात सहसा शून्य येत नाही, कारण फ्रिज चालूच असतो: कॉम्प्रेसर १२० वॅटचा धरला तर चालू असलेल्या १५ मिनिटांत ०.०३ युनिट, मग बंद, मग पुन्हा ०.०३. हा दातेरी पट्टा एकदा ओळखता आला की रिकामं घर लगेच कळतं. सौर पॅनेलची घरं गट पाडण्याआधीच वेगळी करा. ती आत राहिली तर त्यांचा दुपारचा खड्डा इतका ठळक असतो की पहिला गट त्यांचाच पडतो आणि बाकीच्यांमधले बारीक फरक दबून जातात.

शून्याच्या उलटं दुखणं म्हणजे गोळा झालेलं रीडिंग. संपर्क तुटला, सहा तासांनी जोडला गेला आणि सगळे युनिट एकाच ब्लॉकमध्ये येऊन पडले. हे पकडायला मंजूर भार कामाला येतो. मंजूर भार २ किलोवॅट असेल तर १५ मिनिटांत जास्तीत जास्त अर्धा युनिट व्हायला हवा. लोक मंजूर भाराच्या वर जातातच, म्हणून दुप्पट-अडीचपट सूट द्या. पण एका ब्लॉकमध्ये ३ युनिट म्हणजे सरासरी १२ किलोवॅट. ते दोन खोल्यांच्या घरात होत नाही. काही ठिकाणी सॉफ्टवेअर गाळलेल्या नोंदी अंदाजाने समान वाटून भरतं. ओळीने आठ-दहा ब्लॉकमध्ये तिसऱ्या दशांशापर्यंत तोच आकडा दिसला तर तो अंदाज समजावा आणि ते तास गाळावेत.

आणखी एक बारीक गोष्ट मीटरच्या दशांशाची. नोंद दोनच दशांशांत येत असेल तर १० वॅटचा एकटा दिवा तासाभरात एकदा ०.०१ दाखवतो, मधल्या तीन ब्लॉकमध्ये शून्य. कमी वापराच्या घरांचा आलेख त्यामुळे काट्यांनी भरतो. अशा घरांचा डेटा तासावर आणल्याशिवाय काही करू नये. दिवसाला एक युनिटही न वापरणारी घरं तर सुरुवातीलाच 'अत्यल्प वापर' म्हणून वेगळी ठेवावीत. टक्केवारी काढली की त्यांचा गोंगाट इतरांच्या सवयीइतका मोठा दिसतो.

गिझरचं गणित

आता मुद्द्याची अडचण. १५ लिटरचा २ किलोवॅटचा गिझर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांपर्यंत न्यायला साधारण १६ मिनिटं आणि अर्धा युनिट घेतो. म्हणजे जवळपास एक ब्लॉक. तीन घरं घेऊ. पहिलं घर गिझर ६:३० ला लावतं, दुसरं ६:४५ ला, तिसरं संध्याकाळी ७ ला. बाकी सगळं समान.

के-मीन्स ही गट पाडायची नेहमीची पद्धत प्रत्येक घर सगळ्यात जवळच्या केंद्रबिंदूच्या गटात टाकते, आणि अंतर साध्या भूमितीने मोजते: प्रत्येक ब्लॉकमधल्या फरकाचा वर्ग, त्यांची बेरीज, वर्गमूळ. पहिल्या आणि दुसऱ्या घरात दोन ब्लॉकमध्ये प्रत्येकी ०.५ चा फरक, म्हणून अंतर ०.७०७. पहिल्या आणि तिसऱ्या घरात? तिथेही दोनच ब्लॉकमध्ये ०.५ चा फरक, अंतर ०.७०७. पंधरा मिनिटांचा उशीर आणि साडेबारा तासांचा उशीर या गणिताला सारखाच. ९६ ब्लॉकचे कच्चे रकाने थेट के-मीन्सला देणाऱ्या कामांत गट विचित्र दिसतात त्याचं मूळ बहुतेकदा इथे असतं.

यावर डायनॅमिक टाइम वॉर्पिंग सुचवलं जातं, जे आलेख मागेपुढे सरकवून जुळवतं. मोकळं सोडलं तर ते सकाळी ६ आणि सकाळी ९ चं शिखरही जुळवून टाकतं. पण ९ च्या आधी आणि ९ च्या नंतर हाच तर सवलतीचा प्रश्न आहे. वापरायचंच असेल तर सरकायची मुभा एका तासापेक्षा जास्त देऊ नये. हजारो घरांवर ते फार हळूही चालतं.

मला जास्त पटतो तो साठत्या बेरजेचा मार्ग. मध्यरात्रीपासून त्या क्षणापर्यंत किती युनिट झाले याचा चढता आलेख काढायचा आणि दोन आलेखांमधलं क्षेत्रफळ म्हणजे अंतर. पहिलं आणि दुसरं घर एका ब्लॉकपुरतं ०.५ ने वेगळं, म्हणजे अंतर ०.५. पहिलं आणि तिसरं ५० ब्लॉक ०.५ ने वेगळं, म्हणजे २५. आता अंतर माणसाला वाटतं तसं वागतं. याला खास सॉफ्टवेअर लागत नाही. बेरजेचा एक रकाना पुरतो.

सरासरीनेही गिझर हरवतो. घर रोज ६ ते ७ मध्ये कधीही गिझर लावत असेल तर महिन्याच्या सरासरीत अर्ध्या युनिटचं शिखर चार ब्लॉकमध्ये वाटलं जातं, प्रत्येकी ०.१२५. आलेख बघणाऱ्याला ते तासभर चालणारं अर्ध्या किलोवॅटचं एखादं उपकरण वाटेल. म्हणून सरासरी आकाराबरोबर घर किती नियमित आहे हेही मोजावं: रोजच्या शिखराच्या वेळेतली पसरण, आणि प्रत्येक दिवसाचा आकार घराच्या सरासरी आकाराशी किती जुळतो. वेळेनुसार दराला कोण प्रतिसाद देईल हे सरासरीपेक्षा या अनियमिततेतून जास्त कळतं. ज्या घराचा गिझर रोज ठोक्याला ६:३० वाजता लागतो तिथे शाळेची बस किंवा शिफ्ट असणार. ते घर आठ आण्यांसाठी हलत नाही.

कोणते रकाने घ्यायचे

९६ ब्लॉकऐवजी आठ-दहा रकाने पुरतात आणि त्यांचा अर्थ अभियंत्याला समजावून सांगता येतो. रात्री १२ ते ६, सकाळी ६ ते ९, दिवसा ९ ते ५, संध्याकाळी ५ ते १० आणि १० ते १२ या पाच वेळांतला वापराचा टक्का. पाचांची बेरीज नेहमी १०० होत असल्यामुळे एक रकाना गाळायचा. मग पहाटे २ ते ४ मधला किमान वापर भागिले दिवसाची सरासरी, म्हणजे 'पाया' किती. शनिवार-रविवारचा वापर भागिले इतर दिवसांचा. एप्रिल-मे भागिले डिसेंबर-जानेवारी. शिखराच्या वेळेची पसरण. आणि महिन्याचे युनिट, पण लॉग घेऊन. नाहीतर ९०० युनिटचे दोन बंगले सगळा नकाशा आपल्याकडे ओढतात. त्यानंतर सगळे रकाने एकाच मापावर आणायचे.

प्रत्येक घर त्याच्या कमाल मागणीने भागायची पद्धत बरीच दिसते. घरगुती ग्राहकांसाठी ती टाळा. एखाद्या दिवशी इस्त्री, गिझर आणि मिक्सर एकत्र लागले तर त्या एका ब्लॉकने वर्षाचा आलेख चपटा होतो. दिवसाच्या एकूण युनिटने भागणं बरं.

अल्गोरिदमवर लोक गरजेपेक्षा जास्त भांडतात. रकाने नीट असतील तर के-मीन्स आणि वॉर्ड पद्धतीची श्रेणीबद्ध जुळणी (जवळची घरं टप्प्याटप्प्याने जोडत जाणारी) जवळपास सारखंच सांगतात. के-मीन्सची सुरुवात किमान २० वेगवेगळ्या बिंदूंपासून करा, कारण एकाच सुरुवातीत ते चुकीच्या जागी अडकतं. श्रेणीबद्ध पद्धतीत 'सरासरी जोडणी' (गटांमधलं अंतर घरांच्या जोड्यांच्या सरासरीने मोजणारी) टाळा. तिच्यात एक प्रचंड गट आणि दोन-दोन घरांचे पाच-सहा गट असा निकाल हमखास मिळतो. गॉसियन मिश्रण ही संभाव्यतेवर चालणारी पद्धत वापरली तर प्रत्येक घराची गटात असण्याची शक्यता मिळते. ज्यांची सर्वांत मोठी शक्यताही ६० टक्क्यांखाली आहे त्यांना सरळ 'मधले' म्हणून ठेवावं, ओढूनताणून कुठे बसवू नये.

गट किती, हा प्रश्न सिल्हूट निर्देशांकाला (गट एकमेकांपासून किती सुटे आहेत ते मोजणाऱ्या आकड्याला) विचारला तर तो बहुधा २ किंवा ३ म्हणतो. 'सकाळचे आणि रात्रीचे' एवढं कळायला एवढा खटाटोप कशाला? घरांच्या सवयी सलग पसरलेल्या असतात, मधे रिकाम्या जागा नसतात, म्हणून हा निर्देशांक कमीच येतो. त्याऐवजी दोन परीक्षा घ्या. पहिली: सम आठवड्यांचा डेटा घेऊन गट पाडा, विषम आठवड्यांचा घेऊन पुन्हा पाडा, आणि दोन्ही निकाल किती जुळतात ते अ‍ॅडजस्टेड रँड निर्देशांकाने मोजा (१ म्हणजे पूर्ण जुळणी, ० म्हणजे निव्वळ योगायोग). ०.७ च्या वर असेल तर पुढे जायला हरकत नाही, ०.४ च्या आसपास असेल तर गटांची संख्या कमी करा. दुसरी: प्रत्येक रकान्यातले आकडे घरांमध्ये स्वैर फिरवून खोटा डेटा तयार करा आणि त्याच पद्धतीने गट पाडा. के-मीन्स तिथेही सुबक गट देईलच. खऱ्या डेटाचा निकाल या खोट्यापेक्षा स्पष्टपणे चांगला नसेल तर गट आपण लादलेले आहेत. दोन्ही परीक्षांतून पाच ते आठ गट टिकले तर काम करायला ते भरपूर आहेत.

गटाला नाव देताना

गट पडल्यावर त्यांना 'नोकरदार जोडपी', 'निवृत्त' अशी नावं द्यायचा मोह होतो. मीटरला वय कळत नाही. नाव वापरावरून द्या: 'सकाळचं शिखर, दुपारी पाया', 'उन्हाळ्यात रात्रभर सपाट', 'दिवसभर पसरलेला'.

महाराष्ट्रात काही आकार वारंवार भेटतात. नाशिक-पुण्याकडे डिसेंबरात सकाळचा गिझर टोकदार उठतो. मुंबई-ठाण्यात एसीमुळे उन्हाळ्याच्या रात्री १० पासून पहाटेपर्यंत पठार. नागपूर-अकोल्यात एप्रिल-मेमध्ये कूलर: २०० वॅटचा कूलर दुपारी १२ ते रात्री १२ चालला तर २.४ युनिट, आलेखात बुटकी पण लांबलचक पायरी. दीड टनाच्या एसीपासून ती उंचीवरून लगेच वेगळी ओळखता येते. इलेक्ट्रिक स्कूटर रात्री चार-पाच तासांचा सरळ चौकोन काढते, आणि शेवटी बॅटरी भरत आली की उतार.

सगळ्यात फसवा आकार पाण्याच्या मोटारीचा. पालिकेचं पाणी पहाटे साडेपाचला येत असेल तर त्या गल्लीतली सगळी घरं त्याच वेळी अर्ध्या ते एक अश्वशक्तीची मोटार लावतात, म्हणजे ३७० ते ७५० वॅट, वीस-पंचवीस मिनिटं. अल्गोरिदमला हा 'पहाटे उठणाऱ्यांचा' गट वाटतो. पाणी दिवसाआड येत असेल तर शिखरही दिवसाआड येतं आणि घर 'अनियमित' ठरतं. पालिकेने वेळापत्रक बदललं की अख्खा गट एका रात्रीत उठून दुसरीकडे जातो. म्हणून गटांची यादी एकदा रोहित्र आणि फीडरप्रमाणे (उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीप्रमाणे) लावून बघा. एखाद्या गटातली बहुतेक घरं दोन-तीन रोहित्रांवरचीच निघाली तर तो सवयींचा गट नाही. पाणी, भारनियमन किंवा त्या भागाच्या मीटरचं घड्याळ चुकलेलं, यांपैकी काहीतरी आहे. घड्याळ तपासायला वीज जाण्याची वेळ वापरता येते: एका फीडरवर वीज सगळ्यांची एकदमच जाते, त्यामुळे ज्याच्या नोंदीत ती पाऊण तास उशिरा गेलेली दिसते त्याचं घड्याळ पुढे आहे.

आता सवलतीकडे. ज्या गटाचा ९ ते ५ मधला टक्का आधीच मोठा आहे त्याला काहीही न बदलता सवलत मिळते. कंपनीच्या दृष्टीने तिथे महसूल कमी होतो आणि भार तिळभरही हलत नाही. 'रात्रभर एसी' गटाला सवलतीचा उपयोग नाही. दुपारी एसी लावून रात्रीची झोप होत नाही. हलण्याची खरी शक्यता मोटार, धुलाईयंत्र, घरघंटी, इस्त्री आणि स्कूटर असलेल्या अनियमित घरांत आहे, आणि त्यातही दिवसा घरी कुणीतरी असेल तिथे. सरासरी आकारावरून पाडलेल्या गटांत ही घरं विखुरलेली असतात, म्हणून नियमिततेचा रकाना वगळू नका.

हा डेटा घर कधी रिकामं असतं ते सांगतो हे विसरता येत नाही. विश्लेषकाकडे ग्राहक क्रमांक न जाता बदललेला संकेत जावा, पत्ता रोहित्रापर्यंतच असावा, आणि दहा-बारा घरांपेक्षा लहान गटाचा आलेख कुठेही छापू नये.

गट दर महिन्याला नव्याने पाडत बसू नका. पुन्हा चालवलं की गट क्रमांक ३ चा ५ होतो आणि मागच्या तिमाहीशी तुलनाच करता येत नाही. वर्षातून एकदा केंद्रबिंदू ठरवा, ते गोठवा आणि नव्या घरांना सगळ्यात जवळच्या केंद्रात बसवा. नव्या घराचा किमान दोन महिन्यांचा डेटा हवा. हंगामाचा रकाना मात्र वर्ष पूर्ण होईपर्यंत रिकामाच राहणार, तोवर तो वगळून अंतर मोजा. आणि प्रत्येक वेळी ग्राहक क्रमांकासमोर मीटर क्रमांक तपासा. मीटर बदलला की ग्राहक क्रमांक तोच राहतो, पण साठतं रीडिंग शून्यापासून सुरू होतं, आणि ज्यांनी ब्लॉकचे युनिट रीडिंगच्या वजाबाकीतून काढले आहेत त्यांच्याकडे त्या दिवशी उणे काही हजार युनिट वापरणारं एक घर तयार होतं.